मळवलीत शिकलेले दहा सेकंद

लोणावळ्याला जाणार म्हटल्यावर आमच्या हॉस्पिटलातल्या प्रत्येकाने मला एकच काम सांगितलं, चिक्की आणा. कुणी शेंगदाण्याची, कुणी काजूची, आणि शुगर असलेल्या आमच्या साहेबांनी हळूच बाजूला घेऊन दोन्हींची. मी तिथे कशाला चाललेय हा विषय मात्र कुणी काढला नाही. ते सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनाच त्याची धास्ती होती.

झालं होतं असं. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या ग्रामीण रुग्णालयाला नवी रुग्णवाहिका मिळाली आणि तिच्याबरोबर हृदयाला शॉक देणारं मशीन. मशीन चालवायचं तर हृदय बंद पडलेल्या माणसावर उपचार करण्याचं वरच्या पातळीचं प्रशिक्षण पास झालेलं एक तरी माणूस गाडीवर पाहिजे. नसेल तर मशीन जिल्ह्याला परत, आणि गाडी नुसती पेशंट वाहून नेणारी. चार महिने मशीन खोक्यातच होतं. एक डॉक्टर बदलीच्या वाटेवर, दुसऱ्यांच्या बायकोचे दिवस भरलेले. मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. वय पन्नास, बावीस वर्षं ऑपरेशन थिएटर आणि वॉर्ड सांभाळलेली सिस्टर. "सिस्टर, तुम्हाला कसली भीती," असं म्हणून त्यांनी माझं नाव पाठवून दिलं. भीती कसली ते मी सांगितलं नाही. इंग्रजी पुस्तकाची होती आणि आपल्या निम्म्या वयाच्या लोकांसमोर नापास होण्याची होती.

मळवली, शुक्रवार

प्रशिक्षण लोणावळ्यात असं पत्रात लिहिलं होतं. प्रत्यक्षात ते अलीकडे मळवलीला होतं. लोणावळ्याला उतरून चिक्कीच्या दुकानांच्या रांगेसमोर बॅग घेऊन उभी राहिले तेव्हा रिक्षावाल्याने हे ज्ञान दिलं. तिथे प्रत्येक दुकानावर तेच अस्सल असल्याचं लिहिलेलं असतं. मी म्हटलं, आधी पास होऊ, मग खरेदी करू, आणि उलटी लोकल पकडून मळवलीला उतरले.

मळवली म्हणजे छोटं स्टेशन, एक फाटक, आणि दोन्ही बाजूंना भातखाचरं. खाचरांच्या मधूनमधून उंच भिंतींचे बंगले. मालक मुंबईत, बंगला इथे आणि किल्ल्या गावातल्या माणसाकडे, अशी व्यवस्था. आमच्याकडे घर म्हटलं की त्यात माणसं राहतात. इथे घरं राखायला माणसं ठेवतात. कापणी चालू होती. लोहगड-विसापूर समोर उभे, पायथ्याला भाताचे भारे, हवेत ओल्या पेंढ्याचा वास. मला फार छान वाटलं. मग बॅगेचं चाक निखळलं आणि उरलेला अर्धा किलोमीटर ती मी डोक्यावर घेऊन गेले.

वर्ग अशाच एका बंगल्यात होता. दिवाणखान्यात चटया आणि चटयांवर सहा रबरी बाहुल्या उताण्या. मागे एक कोरडा पडलेला पोहण्याचा तलाव, त्यात उतरून अपघाताचा सराव करायचा. शिकवणाऱ्या डॉक्टर अदिती मॅडम तिशीच्या असतील, माझ्या लेकीएवढ्या. बोलणं मऊ, नजर कडक. त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं, "छाती दाबणं थांबलं की मेंदूला रक्त जाणं थांबतं. काहीही करा, पण दहा सेकंदांच्या वर हात उचलू नका." आणि गळ्यातलं स्टॉपवॉच दाखवलं. पुढचे तीन दिवस त्या घड्याळाने आमचा जीव खाल्ला.

माझा जोडीदार होता सोपानभाऊ. नवलाख उंबरे गावचा, पन्नाशीचा, हायवेच्या रुग्णवाहिकेवर पायलट. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला पायलट म्हणतात आणि ते तो शब्द मनापासून लावून घेतात. जमिनीचा तुकडा कारखान्यात गेल्यावर तो आधी त्याच कारखान्यात लागला होता, मग गाडीवर आला. ताकद अफाट. पण छाती सलग तीस वेळा दाबायची असते आणि वीसच्या पुढे त्याची गाडी गळपटायची, कारण तो मोठ्याने मराठीत मोजायचा आणि सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस म्हणेपर्यंत हात मागे पडायचे.

"भाऊ, वेग कमी होतोय," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, हात चालत्यात, पर एकोणतीस लय लांबडा हाय."

मग त्याने दहा-दहाचे तीन हप्ते केले आणि वेग जागेवर आला. मॅडमनी ते वहीत टिपून घेतलं. मला तेव्हाच कळलं की ही बाई शिकवायला आलीय तशी शिकायलाही आलीय.

जेवण बंगल्याच्या शेवंतामावशी करायच्या. मावशी शेजारच्या भाजे गावच्या. बंगल्याची राखण, स्वयंपाक आणि सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या खाचरातली कापणी, असं सगळं एका पदराखाली. स्वयंपाकघरात बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली मालकांच्या किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी ताटात वाढलेला भात पाहून मी दचकले. आमच्याकडे भात म्हणजे सणाला नाहीतर आजाऱ्याला. ज्वारीची भाकरी खाल्ली नाही तर जेवल्यासारखं वाटत नाही. इथे इंद्रायणी तांदळाचा चिकट, वासाचा, वाफाळता डोंगर आणि वर आमटी. मी भाकरी विचारली. मावशी म्हणाल्या, "करती की उद्या. पर हे आदी खाऊन तर बगा." दोनदा घेतला. भाकरीचं नाव पुन्हा काढलं नाही.

मळवली, शनिवार

शनिवारी पर्यटक आले. म्हणजे बंगल्याचं फाटक उघडं दिसल्यावर एक कुटुंब सरळ आत शिरलं आणि रूम आहे का विचारू लागलं. त्याच वेळी सोपानभाऊ आणि मी एका बाहुलीला खांद्या-पायाला धरून तलावाकडे नेत होतो. त्या गृहस्थांनी आमच्याकडे पाहिलं, बाहुलीकडे पाहिलं, तलावाकडे पाहिलं आणि बायकोमुलांना घेऊन निघून गेले. सोपानभाऊ म्हणाला, "ताई, आता ह्यो बंगला दोन वरीस कुनी भाड्यानं घेनार न्हाई."

दुपारी परीक्षा. लेखी सकाळीच झाली होती. रात्री पुस्तकावर पेन्सिलीने देवनागरीत अर्थ लिहून काढले होते, त्या जोरावर निभावलं. खरी परीक्षा टीम चालवण्याची. आपण पुढारी, बाकीच्यांना कामं सांगायची, मशीनवरची रेघ ओळखायची, शॉक द्यायचा की नाही ठरवायचं. माझी टीम म्हणजे छाती दाबायला सोपानभाऊ आणि श्वासाचा फुगा दाबायला मॅडमची मदतनीस.

मॅडमनी पडदा बाजूला केला. आत्तापर्यंत उघड्या छातीच्या बाहुल्यांवर शिकलो होतो. या बाहुलीला साडी होती, ब्लाउज होता आणि गळ्यात खोटं मंगळसूत्र.

"बाई, वय पंचेचाळीस. बाजारात कोसळल्या. नाडी नाही. सुरू करा."

मी सुरू केलं. आवाज खणखणीत निघाला, सोपानभाऊ दाबायला लागला, कात्रीने ब्लाउज कापला, सगळं व्यवस्थित. आणि मग माझ्या तोंडून निघालं, "भाऊ, थांबा जरा, दागिने काढू द्या."

सोपानभाऊ थांबला. मी मंगळसूत्राचा हुक शोधू लागले. हुक मानेखाली गेला होता. बाहुलीचं डोकं वळवलं, हुक सापडला, वाकडा होता, निघेना. नखाने ओढला. निघाला. मंगळसूत्र नीट गोळा केलं, रुमालात ठेवलं, मदतनीस बाईंच्या हातात दिलं आणि म्हटलं, "हे नातेवाइकांकडे द्या, समोर दाखवून."

मॅडमनी घड्याळ पुढे केलं. बेचाळीस सेकंद.

"सिस्टर, तुम्ही सुंदर काम करत होतात," त्या म्हणाल्या. "पण यात त्या बाई गेल्या."

मी नापास झाले. दुसरी आणि शेवटची संधी रविवारी सकाळी अकराला. सोपानभाऊ मान खाली घालून उभा होता, जणू तोच चुकला होता. माझं तोंड एवढंसं झालं आणि मला रागही आला. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही खाजगीत काम करता. आमच्याकडे बाईच्या अंगावरचा दागिना आधी उतरवून नातेवाइकाच्या हातात दिला नाही तर नंतर चोरीचा आळ येतो. थिएटरमध्ये पहिलं काम तेच. बावीस वर्षं तेच करतेय."

"थिएटरमध्ये हृदय चालू असतं, सिस्टर."

एवढंच बोलल्या. मी बाहेर आले.

मी भाज्याच्या लेण्यांच्या रस्त्याला लागले. वर जायचं म्हणून निघाले होते, पण पायथ्याच्या पायऱ्यांवरच बसले. माकडं होती. एका बाईच्या हातातली चिक्की एकाने पाकिटासकट नेली आणि वर बसून कागद सोलून खाल्ली. लोक हसले. मला हसू आलं नाही, कारण मला कमलबाई आठवल्या होत्या.

कमलबाई आमच्या गावच्या. मागच्या वर्षी दळण देता देता गिरणीतच कोसळल्या. गिरणी त्यांच्या नवऱ्याची, शेषरावांची. रिक्षात घालून आणल्या तेव्हा साहेब थिएटरमधलं जुनं मशीन घेऊन धावत आले. मी दाबत होते. मशीन आलं तसं मी थांबले आणि गळ्यातलं काढू लागले. दुहेरी वाट्यांचं, जाड मंगळसूत्र, हुकाला दोरा गुंडाळलेला. दोरा सुटेना. साहेब मशीन घेऊन उभे. कुणी मला घाई कर म्हणालं नाही, कारण सगळ्यांच्या मते मी बरोबरच करत होते. शेवटी निघालं. मी ते शेषरावांच्या रुमालात बांधून दिलं. नंतर शॉक दिला, दोनदा दिला, काही झालं नाही.

तेव्हापासून शेषराव बाजारात कुठेही दिसले तरी मला हात जोडतात. "सिस्टर, त्या गडबडीत तुम्ही गळ्यातलं जपून दिलंत," म्हणतात. वर्षभर मी ते हात जोडणं घेत आले. आता त्या पायरीवर बसून मी सेकंद मोजायचा प्रयत्न केला. दोरा, हुक, रुमाल, गाठ. बेचाळीसपेक्षा नक्कीच जास्त होते. मला रडू आलं. लेण्यांना आलेली शाळेची पोरं बघायला लागली म्हणून उठले.

परत आले तेव्हा मावशी मागच्या अंगणात चटई टाकून तांदूळ निवडत होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "काय झालं?" मी सांगितलं. सगळं सांगितलं, कमलबाईंसकट. का सांगितलं कुणास ठाऊक. नवख्या माणसाला सांगणं सोपं जातं.

मावशींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काढायचं कशापायी? मागं टाकायचं की."

"म्हणजे?"

"म्हंजी असं." त्यांनी गळ्यातले मणी बोटाने उचलले आणि खांद्यावरून पाठीवर टाकले. "भात झोडताना म्या असंच टाकती. खाली वाकलं की मदी येतं. निजताना बी. त्यापायी कुनी मंगळसूत्र काढतं व्हय?"

माझ्या स्वतःच्या गळ्यातलं त्या वेळी युनिफॉर्मच्या आत, पाठीकडे सरकवलेलं होतं. पेशंटवर वाकताना पुढे लोंबू नये म्हणून ड्यूटीवर येताना मी रोज ते मागे टाकते. बावीस वर्षं टाकतेय. हे मला थिएटरमध्ये, वॉर्डात, कमलबाईंच्या उशाशी कधी सुचलं नव्हतं.

मावशी चटईवर आडव्या झाल्या. "करा बगू. हात लावा."

"नको मावशी."

"लावा म्हन्ते ना. मेल्यावर हात लावन्यापरीस जिती असताना लावल्यालं बरं." आणि डोळे मिटून पडून राहिल्या, खऱ्याखुऱ्या निजल्यासारख्या.

हात पुढे केला आणि माझी बोटं आपोआप मानेमागे हुकाकडे गेली. मावशींनी डोळे न उघडता माझ्या हातावर चापटी मारली. "तितं न्हाई." पुन्हा केलं. पुन्हा बोटं मागे. तिसऱ्यांदा मणी धरले आणि खांद्याकडे सरकवले. इतक्यात सोपानभाऊ चहा मागायला आला. शेवंतामावशी चटईवर उताण्या आणि मी त्यांच्या गळ्याशी, हे बघून त्याचा चेहरा पडला.

"मावशीला काय झालं?"

"काय न्हाई रं," मावशी डोळे मिटूनच म्हणाल्या. "मेलीया म्या. तू दाबू नगंस, बरगडी मोडशील. हवेतच दाब."

मग तो शेजारी गुडघ्यावर बसला आणि हवेत दाबू लागला, दहा-दहाचे हप्ते मोजत. मी सरकवत राहिले. वीस वेळा तरी केलं असेल. मधे मावशींनी उठून डाळीला फोडणी दिली आणि पुन्हा येऊन मेल्या. जेवायच्या वेळेपर्यंत माझी बोटं मागे जायची थांबली होती.

मळवली, रविवार

अकरा वाजता पडदा सरकला. आज बाहुलीला ब्लाउजवर स्वेटर होता, गळ्यात तेच मंगळसूत्र आणि शिवाय एक ठुशी. मॅडम सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. दारात मावशी हाताला पीठ लागलेलं तशाच उभ्या.

"बाई, वय साठ. घरात कोसळल्या. नाडी नाही."

"भाऊ, दाबा. मी म्हणेपर्यंत थांबायचं नाही," मी म्हटलं.

स्वेटर कापला, ब्लाउज कापला. सोपानभाऊचे हात चालूच होते. मंगळसूत्र खांद्यावरून मागे टाकलं. ठुशी गळ्याला घट्ट होती, शॉकच्या पट्टीच्या जागेत येत नव्हती; तिला हात लावला नाही. एक पट्टी उजव्या हासळीच्या हाडाखाली, दुसरी डाव्या काखेखाली. मशीनवर वेडीवाकडी रेघ. "बाजूला व्हा. कुणी हात लावू नका." शॉक. "भाऊ, दाबा." पुढे औषधं, दोन मिनिटांनी माणूस बदलणं, पुन्हा रेघ, पुन्हा शॉक. एका जागी औषधाचा क्रम सांगताना अडखळले, पण सावरलं. शेवटी मॅडमनी सांगितलं, नाडी लागली.

घड्याळ बघून त्या म्हणाल्या, "सगळ्यात मोठा खंड सहा सेकंद. पास."

सोपानभाऊने घाम पुसला. मावशी "व्हय का, बरं झालं" म्हणून पोळ्या लाटायला गेल्या. मी मॅडमना बाजूला घेतलं आणि कमलबाईंचं विचारलं. दहा सेकंदांत झालं असतं तर त्या वाचल्या असत्या का?

त्यांनी मला खोटा धीर दिला नाही. "कदाचित वाचल्या असत्या, कदाचित नसत्या. ते कुणीच सांगू शकत नाही. पण संधी कमी झाली, हे खरं." मग म्हणाल्या, "सिस्टर, माझ्या पुढच्या सगळ्या बाहुल्यांच्या गळ्यात काहीतरी असेल."

गावी परत

चिक्की वाटली. साहेबांना काजूची दिली, शेंगदाण्याची दिली नाही. मशीन खोक्यातून निघालं, गाडीत बसलं, कागदावर माझ्या नावापुढे शिक्का पडला. जिल्ह्याला ते जाणार नाही हे कळल्यावर सगळे माझ्याशी दोन दिवस फार गोड वागले.

तिसऱ्या दिवशी मी गिरणीवर गेले. हातात दळण नव्हतं. शेषरावांनी नेहमीसारखे हात जोडले. मी म्हटलं, "दादा, ते नका करू. आधी पट्टा बंद करा, मला बोलायचंय."

त्यांनी पट्टा बंद केला. मी उभ्याउभ्याच सांगितलं. गळ्यातलं काढायला लागलेला वेळ सांगितला, तेवढा वेळ छाती दाबणं बंद होतं हे सांगितलं, आणि काढायची गरजच नव्हती हेही सांगितलं. गिऱ्हाईक आलं तसा त्यांनी पट्टा चालू केला. मी निघून आले. माझ्या नवऱ्याने विचारलं, कशाला सांगायचं होतं, सुखाने बसले होते ते. मी म्हटलं, त्यांचा नमस्कार मला यापुढे घेववला नसता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते हॉस्पिटलात आले. पापण्यांवर गिरणीचं पीठ तसंच होतं. म्हणाले, "ते मशीन दाखवा."

मी त्यांना गाडीत घेऊन गेले. मशीन उघडून दाखवलं. त्यांनी पट्ट्या हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या. "ह्या कुठं लावतात?" मी माझ्या अंगावरच, युनिफॉर्मवरून, जागा दाखवल्या.

"आणि गळ्यातलं?"

मी माझं मंगळसूत्र आतून बाहेर काढलं, पुढे सोडलं आणि दोन बोटांनी खांद्यावरून मागे टाकलं.

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी हातातल्या पट्ट्या खाली ठेवल्या. मग म्हणाले, "पुन्हा एकदा दाखवा."

मी ते पुढे घेतलं आणि पुन्हा दाखवलं.